दूरस्थ प्रशिक्षक आणि खो-खोचे मैदान

खो-खो हा स्पर्शाचा आणि चपळाईचा खेळ असल्याने तो मोबाइलवरून शिकविता येणार नाही, दूर बसलेला प्रशिक्षक हा नावापुरताच प्रशिक्षक, असा आक्षेप घेतला जातो आणि तो अगदीच पोकळ नाही. सूर मारताना, म्हणजे पळत्या संरक्षकामागे जमिनीलगत झेपावताना, अंग कसे टाकावे हे केवळ चित्रफीत पाहून शिकू जाणारा खेळाडू हात मोडून घेईल. परंतु एवढ्यावरून दूरस्थ प्रशिक्षणच त्याज्य ठरविले, तर अंबडसारख्या तालुक्याच्या गावाने काय करावे? जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाच्या कर्णधार प्रियांका इंगळे मूळच्या बीड जिल्ह्यातल्या, पण त्यांची जडणघडण पुण्यात झाली. ज्यांना पुणे गाठणे जमत नाही, त्यांच्याविषयी आक्षेपक मौन पाळतात.

शिवाय मैदानावर हजर असलेल्याला सारे दिसते, हे गृहीतकच कच्चे आहे. मध्यपाटीवरील आठ आक्रमक एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, त्यामुळे एका बाजूला उभे राहणाऱ्याला चौघांच्याच पाठी दिसतात आणि उरलेल्यांपैकी कोण पाठीवर ‘खो’ मिळण्याआधीच उठतो, ही नियमबाह्य घाई त्याच्या नजरेतून सुटू शकते. दोन्ही बाजूंनी घेतलेले चित्रण व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून संथ गतीने पाहिले, की ती पकडता येते. गुणपत्रकाचे छायाचित्र त्याहून बोलके. संरक्षक किती वेळ टिकला याची नोंद त्यात असल्याने तिघांच्या तुकडीतला कोण दर वेळी लवकर बाद होतो, हे आरडाओरड्यात न उमगलेले वास्तव उघडे पडते.

मोबाइलने मुले बिघडतात, हा आक्षेप तर येथे गैरलागूच, कारण चित्रणाला क्रीडाशिक्षकाचा फोन पुरतो. उलट ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर बाहेरगावी गेलेल्या खेळाडूचा संघाशी असलेला धागा फोनमुळेच टिकू शकतो.

खरा लाभ मात्र नेतृत्वाचा आहे. पाटीबाहेरून प्रत्येक हालचालीचा हुकूम सोडणाऱ्या प्रशिक्षकाच्या संघात कर्णधार नाणेफेकीपुरता उरतो; दूरच्या प्रशिक्षकाला आदल्या रात्रीच डावपेचाचे कारण समजावून सांगावे लागते, आणि कारण कळलेला कर्णधार संरक्षकांच्या तुकड्यांचा क्रम ऐन वेळी स्वतः बदलू शकतो. अर्थात सूर शिकविणे आणि दुखापत या बाबतींत मैदानावरील जाणत्या माणसाचाच शब्द अखेरचा असला पाहिजे. लंगडणाऱ्या खेळाडूला पुन्हा उतरवावे की नाही, हे फोनवरून ठरविण्याचा अधिकार प्रशिक्षकाला, मग तो कितीही नामांकित असो, देता कामा नये.