पुलांचा घसारा कोण मोजणार?

२ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश अमदानीतील कमानींचा पूल पुरात कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एस.टी. गाड्या उतारूंसह नदीच्या पोटात गेल्या. मे महिन्यातच पुलाची तपासणी होऊन तो सुरक्षित ठरला होता, असा खुलासा पाठोपाठ सरकारने केला. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलगतचा हिमालय पादचारी पूल पडून सात जण दगावले. त्यालाही ऑडिटात केवळ किरकोळ दुरुस्ती सुचवलेली होती. मग या तपासण्यांची किंमत काय?

डोळ्यांनी पाहणाऱ्याला वरचा गिलावा दिसतो. पाण्याखाली पायाजवळची माती वाहून गेलेली दिसत नाही, काँक्रीटच्या आत गंजणारी सळई दिसत नाही. ती उणीव भरून काढणारे शास्त्र आज उपलब्ध आहे. प्रत्येक पुलाला स्वतःच्या कंपनाची एक लय असते. आतली ताकद घटली की ती लय बदलते, आणि खांबांवर व तुळयांवर बसवलेली उपकरणे हा बदल वाहतूक चालू असतानाच टिपतात. मात्र उष्णतेनेही ही लय बदलते. म्हणून एका दिवसाच्या मोजमापाला अर्थ नाही. वर्षानुवर्षांच्या नोंदी हव्यात, आणि त्या वाचणारे कायमस्वरूपी अभियंते हवेत. नेमके हेच कंत्राटी व्यवस्थेला नको आहे.

'हे आपल्याला परवडणार नाही,' असे सांगितले जाते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी विचारतो : कारखानदार आपल्या यंत्रांचा घसारा दरवर्षी हिशेबात धरतो, सरकारचा हिशेब मात्र रोखीचा, त्यात पुलाच्या झिजेला रकानाच नाही. नव्या पुलाची फीत कापता येते, देखभालीची कापता येत नाही. सावित्रीवरचा नवा पूल वर्षाच्या आत, २०१७ साली, उभा राहिला. म्हणजे पैसा होता, कौशल्यही होते. वाट पाहिली गेली ती माणसे मरण्याची!

उद्या उपकरणे विकणारे दारात उभे राहतील. त्यांच्या खरेदीवर समाधान मानणे ही आत्मवंचना ठरेल. प्रत्येक मोठ्या पुलाच्या नोंदी जनतेसाठी खुल्या असाव्यात, तपासणारा ठेकेदाराच्या व खात्याच्या दाबापासून मुक्त असावा आणि धोक्याची पातळी ओलांडताच वाहतूक थांबवण्याचा अधिकार त्याला असावा, ही मागणी प्रत्येक तालुक्यात उठली पाहिजे. रात्रीच्या एस.टी.ने प्रवास करणाऱ्याचा जीव स्वस्त नाही, हे सत्ताधाऱ्यांना ठणकावून सांगणे हे आपलेच काम आहे.