जात सनातन नाही

थोर माणसांच्या तसबिरीला हार घालावा आणि त्यांचे ग्रंथ मात्र कपाटात बंद ठेवावेत, ही आपल्या समाजाची जुनी रीत आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या वाट्याला तेच आले आहे. साखवाळच्या धर्मानंद कोसंबींचे हे चिरंजीव ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात जन्मले, हार्वर्डला शिकले, गणिती म्हणून नावाजले आणि २९ जून १९६६ रोजी पुण्यात निवर्तले. २००८ साली त्यांच्या नावाने पणजीत विचारमहोत्सव सुरू झाला आणि टपाल खात्याने त्यांचे तिकीटही काढले. भूमिपुत्र म्हणून गोमंतकीय त्यांचा अभिमान बाळगतात. परंतु या भूमिपुत्राने जातीविषयी जे लिहून ठेवले, ते ऐकून घेण्याची आपली तयारी कितपत आहे?

गणिताचा व्यासंग सांभाळून कोसंबींनी १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना लिहिली. १९६२ साली दैवतकथा आणि वास्तव यांचा संबंध उलगडणारे निबंध आणि १९६५ साली प्राचीन भारतीय संस्कृतीचा आलेख त्यांनी प्रसिद्ध केला. या ग्रंथांतून वाहणारे एक सूत्र असे की, जात आकाशातून पडलेली नाही आणि कोणा एका धूर्त पुरोहिताच्या डोक्यातूनही निघालेली नाही. अन्न कोण पिकवतो, त्यावर हक्क कोण सांगतो आणि तो हक्क धर्माच्या नावाने पवित्र कसा ठरतो, यांतून ती घडत गेली. पिकवणाऱ्याच्या हातचे धान्य शक्यतो तलवार न उपसता काढून घेण्याची ती सोय होती.

मौर्यकाळाचे उदाहरण पाहावे. ग्रीस आणि रोम यांचे वैभव गुलामांच्या श्रमावर उभे होते. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास चंद्रगुप्ताच्या दरबारी आलेल्या मेगॅस्थेनिसने मात्र हिंदुस्थानात गुलाम नाहीत, असे नमूद केले. आपल्याकडे पुष्कळांना हा निर्वाळा भूषणावह वाटतो. कोसंबींनी त्याच्या मुळाशी जाऊन पाहिले. दास येथेही होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात त्यांच्याविषयी नियम आहेत. परंतु शेतीचा भार दासांवर नव्हता, कारण तो वाहण्यास शूद्र वर्ण होता. नवे गाव वसवताना मुख्यतः शूद्र शेतकऱ्यांची किमान १०० आणि कमाल ५०० कुटुंबे बसवावीत, असे कौटिल्य सांगतो. शूद्राच्या अज्ञान मुलास विकणाऱ्या आप्तास तो १२ पण दंडही सांगतो. म्हणजे शूद्र हा बाजारात विकण्याचा माल नव्हता. पण जन्माने गळ्यात पडलेल्या सेवेतून त्याची सुटकाही नव्हती. गुलामांचे बाजार आपल्याकडे भरले नाहीत याचा अभिमान बाळगताना, त्यांची गरज का पडली नाही, हेही विचारले पाहिजे.

वर्ण चार, जाती मात्र असंख्य. त्या कोठून आल्या? कोसंबींचे उत्तर असे की, नांगर रानात शिरला तसतशा रानातील टोळ्या शेतीप्रधान समाजात ओढल्या गेल्या. येताना त्यांनी आपले दोन नियम बरोबर आणले: लग्न आपल्यातच करावे आणि अन्न आपल्यांबरोबरच घ्यावे. हेच पुढे जातीचे कायदे झाले. त्यांची दैवतेही आली आणि पुराणांतील देवदेवतांशी त्यांची नाती जुळली. हे निष्कर्ष कोसंबींनी केवळ पोथ्या चाळून काढले नाहीत. पुण्याच्या आसपासचे डोंगर आणि वाड्यावस्त्या पायी तुडवून, म्हसोबा-बोल्हाईची ठाणी पाहून, तेथील माणसांशी बोलून ते या निष्कर्षांपर्यंत आले. सातेरीच्या वारुळापुढे हात जोडणाऱ्या गोमंतकीयाला ही विचारसरणी परकी वाटू नये.

जातीचे रूप सर्वकाळ एकच होते, असेही नाही. कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकटाच्या सामी नावाच्या सुताराचे नाव त्याच्या व्यवसायासह कोरलेले आहे. नहपान राजाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापणे दरमहा शेकडा एक व्याजाने कायम ठेव म्हणून ठेवली, असे नाशिकचा लेख सांगतो. राजकुळाने ज्यांच्याकडे विश्वासाने पैसा ठेवावा, अशी त्या कारागिरांची पत होती. पुढे व्यापार आटला, गावे स्वतःपुरती झाली, श्रेणी मोडल्या आणि कारागीर गावाच्या चौकटीत बंदिस्त झाला. जात घट्ट होण्याला अशी कारणे होती. ती सैल होण्यालाही कारणे असू शकतात.

कोसंबींचे प्रत्येक अनुमान टिकलेले नाही. मार्क्सच्या चौकटीत त्यांनी इतिहास बसवला, हा आक्षेपही जुना आहे. परंतु मार्क्सवादी पोथीनिष्ठांशीही त्यांचे पटले नाही, हे विसरता येत नाही. पुराव्यावाचून बोलायचे नाही, ही त्यांची शिस्त त्यांच्या टीकाकारांनाही बांधून ठेवते.

१९६२ च्या ग्रंथात त्यांनी गोव्याच्या जुन्या काबिजादीतील गावकरीवरही लिहिले आहे. गावकरीचा वाटा जन्मावर ठरे, आणि हे रिवाज पोर्तुगीजांनी १५२६ सालच्या फोरालात नोंदवून घेतले. पुढे धर्मांतरे झाली, देव आणि नावे बदलली. पण गावकरी राहिली आणि ख्रिस्ती समाजात बामण, चार्दो, सुदीर ही उतरंडही राहिली. धर्म पालटूनही जात टिकते, तेव्हा तिची मुळे जमिनीत शोधावी लागतात. यावर हिंदूंनी समाधान मानण्याचे कारण नाही. १९३३ सालच्या पोर्तुगीज कायद्याने बांधलेली आमची महाजनकी वंशानेच चालते आणि पालखीच्या मानावरून भाऊबंद कोर्टाची पायरी चढतात.

मुक्तीनंतर या स्थितीला हादरा बसला तो कसेल त्याची जमीन या तत्त्वाने. १९६४ च्या कूळ कायद्याने, १९७५ च्या मुंडकार कायद्याने आणि कूळ कायद्याच्या १९७६ मधील पाचव्या दुरुस्तीने भाटकारापुढे वाकलेला कणा थोडा ताठ झाला. शाळा खेड्यांत पोचल्या आणि शेंदऱ्या धोंड्याला नमस्कार करणाऱ्या घरातील मुले पदवीधर झाली. व्याख्यानांनी जे साधले नाही, ते सातबाऱ्याऐवजी येथे चालणाऱ्या एक-चौदाच्या उताऱ्याने आणि शाळेच्या पाटीने बरेचसे साधले.

तरीही वृत्तपत्रांतील वधूवरांचे रकाने उघडावेत. आपल्यातच लग्न करावे हा रानातल्या टोळीचा नियम तेथे सुशिक्षितांच्या भाषेत छापलेला दिसेल. जात सनातन असती तर निरुपाय म्हणून हात जोडून स्वस्थ बसता आले असते. ती माणसांनी काळाच्या ओघात घडवली, असे इतिहास सांगतो. म्हणून ती मोडण्याची जबाबदारीही माणसांवरच येते. कोसंबींच्या तसबिरीला हार घालणाऱ्यांनी ती आपल्या घरापासून उचलावी.