मोबाइल पुसा, भिजवू नका

दिल्लीतील सरोजिनी नगरच्या गजबजलेल्या बाजारातून परतल्यावर गृहिणी आठवणीने हात धुते. पण खरेदीत हाताळलेला मोबाइल तसाच बाळाच्या हाती जातो. तो स्वच्छ करायलाच हवा, पण बेताने. आधी मोबाइल बंद करा, चार्जर व कव्हर काढा. मऊ कापडावर ७० टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल थोडेसे घेऊन हलकेच पुसा. अशा अल्कोहोलच्या वाइप्सना मार्च २०२० मध्ये ॲपलनेही मान्यता दिली. थेट फवारा मात्र मारू नका. फटींतून ओल आत शिरली की मोबाइल बिघडतो. ब्लीच टाळाच. टीव्हीचा रिमोटही सेल काढून असाच पुसा. अल्कोहोल चटकन पेट घेते, म्हणून हे काम गॅसजवळ नको. बाटलीही मुलांच्या हाती लागू देऊ नका.