एका फाईलीचा गोंधळ

संगणक बंद पडला की प्रथम यंत्राला दोष देण्याची आपली रीत आहे. १९ जुलै २०२४ रोजी जगभर जे घडले, त्यात यंत्रे निर्दोष होती. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक छोटी फाईल विंडोज संगणकांकडे धाडली. तीही एकाच वेळी सर्वत्र. फाईलीच्या हुकुमाप्रमाणे एकविसावी नोंद तपासावयाची होती, आज्ञावलीने पुरविल्या वीसच! सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून कोसळले. ७८ मिनिटांत फाईल मागे घेतली गेली. परंतु कोसळलेल्या यंत्राला ते कळावे कसे? पुष्कळ ठिकाणी एकेका संगणकापाशी माणूस बसवून, ‘सेफ मोड’मध्ये तो चालू करून, ती फाईल हाताने पुसावी लागली. आपल्या देशात विमानप्रवाशांना प्रवेशपत्रे हाताने लिहून मिळाली.

सरकारी कचेऱ्यांतून कागद हद्दपार करण्यास आमचा विरोध नाही. मात्र नवी मांडणी आधी चार यंत्रांवर पारखावी आणि ती पूर्ववत् करू जाणणारा निदान एक इसम प्रत्येक कचेरीत असावा, हा आग्रह आम्ही धरणारच. एक-चौदाच्या उताऱ्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या शेतकऱ्याला ‘सिस्टीम डाऊन’ एवढेच सांगून परत धाडणे आम्हांस मान्य नाही.