रूढी गावाने घडवली, गावानेच मोडावी

या सदरात रूढींवर लिहिलं की एक उत्तर हमखास येतं : ‘बापजाद्यांपासून चालत आलंय, आपण कोण बदलणारे?’ नवऱ्याचं प्रेत दारात असताना बाईचं कुंकू पुसताना, बांगड्या फोडतानाही हेच ऐकवलं जातं.

आपल्या नशिराबादपासून जवळच असलेल्या असोद्यात 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना ऐन तिशीत वैधव्य आलं. पुसल्या गेलेल्या कुंकवाचं दुःख त्यांच्या गाण्यात आहे. ती गाणी खानदेशाला पाठ आहेत, आणि ते कुंकू पुसणंही चालूच आहे.

हा नियम दैवी असता तर सगळ्यांना सारखा असता. ब्राह्मण विधवेचं केशवपन होई, त्याच काळात कुणब्यांत विधवेचा पाट लागे, म्हणजे पुनर्विवाह होई. पुढे ज्या शेतकरी घरांना प्रतिष्ठा हवी झाली, त्यांनी पाट कमीपणाचा ठरवला. मुस्लिम मोहल्ल्यातली विधवा चार महिने दहा दिवस इद्दत पाळते आणि मग तिला निकाहाची मोकळीक असते. शेजारी राहणाऱ्या बायांचं दुःख एकच, नियम मात्र वेगळे. कारण ते माणसांनी घातले, इभ्रत, वारसा आणि घरातल्या कामाचे हात पाहून.

असा नियम टिकतो तो ‘लोक काय म्हणतील’ या धाकावर. विधवाविवाहाचा कायदा 1856 साली झाला. तरी 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी लग्न केलं तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकलं. कायदा पाठीशी होता, गाव नव्हतं.

गाव पाठीशी उभं राहिलं की काय होतं, हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने दाखवलं. 4 मे 2022 रोजी तिथल्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. इथे गाव पुढे होतं, सरकार मागून आलं.

नशिराबादकरांनो, समाजाच्या बैठकीत, भजनी मंडळात, बचत गटात हा विषय घ्या. पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं पहिलं बोलावणं विधवा शेजारणीला जाऊ द्या. आणि दारात प्रेत असेल तेव्हा घरातल्या सासूने, मोठ्या जावेने पुढे होऊन ठणकावून सांगावं, ‘तिच्या कुंकवाला कोणी हात लावायचा नाही.’