पिवळ्या दिव्याला चिकटपट्टी

भर दुपारी बाईकचा हेडलाइट चालू दिसला की आपल्याकडे माणुसकीला भरतं येतं. समोरून येणारा अनोळखी माणूस एका हाताने हँडल सांभाळत दुसऱ्या हाताच्या बोटांची उघडझाप करून दाखवतो. सिग्नलला शेजारी थांबलेल्या काकू "अहो, लाइट चालू राहिलाय" म्हणतात. रिक्षावाला तर चालत्या रिक्षातून मान बाहेर काढतो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायद्यानेच इंजिनबरोबर सुरू होतो, तो बंद करायचं बटणच गाडीला नसतं, हे एवढ्या वर्षांत कुणाच्या डोक्यात शिरलेलं नाही. ते एक सोडा. मला चीड येते ती पुढच्या गोष्टीची. ज्या दिव्याने कुणाचं काही बिघडत नाही त्याची अख्ख्या रस्त्याला काळजी, आणि मीटरमध्ये, चालवणाऱ्याच्या थेट नाकासमोर, महिनोन्महिने पेटलेला तो इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा मात्र खुद्द मालकाला दिसत नाही.

विचारलं तर उत्तर ठरलेलं. "तो लागतोच." का लागतो? "जुनी गाडी आहे, सेन्सरचा काहीतरी लोच्या असेल." मग दाखवली का कुठे? "पळतेय ना, मग कशाला हात लावायचा?"

या निगरगट्टपणाला इतिहास आहे. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली ती पेट्रोल भरा आणि विसरून जा असं सांगत, आणि आपण ते फारच मनावर घेतलं. १९९४ ला स्प्लेंडर आली. तिच्या मीटरवर दिवे ते कोणते? न्यूट्रलचा हिरवा, अप्परचा निळा आणि वळायचा इंडिकेटर. तक्रार करणारा एकही नाही. पेट्रोल संपत आलं की गाडी आचके द्यायची, आपण चालत्या गाडीवर डावा हात टाकीखाली घालून कॉक रिझर्व्हला फिरवायचा, संपला विषय. अपवाद बुलेटचा. तिच्या हेडलाइटच्या वरच्या टोपात अँमीटर असायचा आणि त्याचा काटा खरं सांगायचा: चालत्या गाडीत तो सतत वजा बाजूला पडून राहिला तर बॅटरी चार्ज होत नाहीये, रात्री रस्त्यात उभे राहाल. किती बुलेटवाले तो वाचतात? निम्म्यांना ती शोभेची चकती वाटते, आणि उरलेल्यांचा काटा कधीचाच मेलेला असतो.

मग कार्ब्युरेटरऐवजी कंप्युटरच्या हुकमाने पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्शनच्या गाड्या आल्या, आणि त्यांच्याबरोबर हा पिवळा दिवा. २००६ ची ग्लॅमर एफआय, २००७ ची पल्सर २२० डीटीएस-एफआय, २०११ ची होंडा सीबीआर २५० आर. २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाल्यावर तर कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपारच झाला. या पहिल्या पिढीतल्या गाड्या आता तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे आहेत. कंपनीला त्यांच्यात रस उरलेला नाही आणि मालकाची दिवे न बघण्याची सवय स्प्लेंडरच्या जमान्यातली.

आणि आपला मेकॅनिक? कार्ब्युरेटरच्या कामात त्याचा हात धरणारा जगात कोणी नसेल. नुसत्या आवाजावरून टॅपेट सांगतो, त्याबद्दल माझा दंडवत. पण पिवळा दिवा पेटला की हाच माणूस एकदम मांत्रिक होतो. एका मित्राने सेकंडहँड सीबीआर घेतली. सकाळी स्टार्ट व्हायला कुरकुर आणि स्टार्ट झाली की पिवळा दिवा लुकलुक करायचा. गॅरेजवाल्याने प्लग बदलला, फिल्टर बदलला, बॅटरी बदलायला सांगितली. दिवा आपला लुकलुकतोच आहे. शेवटी त्याने तोडगा काढला: "दादा, दिव्याचंच कनेक्शन काढून टाकतो. डोक्याला तापच नको." आणि तोवर म्हणून काचेवर काळी चिकटपट्टी लावून दिली. व्यवस्थित कापून, बरं का. एवढी सफाई बाकीच्या कामात नव्हती.

तो दिवा काय म्हणत होता ते मोजायला कुठलंही यंत्र लागत नव्हतं. होंडाच्या त्या काळातल्या इंजेक्शनच्या गाड्यांत साइड स्टँड खाली ठेवून इंजिन आयडलवर सोडलं की दिवा बिघाडाचा आकडा मोजून दाखवतो. लांब उघडझाप म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे बारा, म्हणजे इंजेक्टरचं सर्किट. चिकटपट्टी सोलून आम्ही मोजलं. सात छोट्या. थोडी विश्रांती, पुन्हा सात. सात म्हणजे इंजिनचं तापमान सांगणारा सेन्सर. त्याची खबर मिळेनाशी झाली की गाडीचा कंप्युटर इंजिन गरमच आहे असं धरून पेट्रोल सोडतो, म्हणून थंड इंजिन सकाळी रडतं. सेन्सरचा कपलर उपसला तर आत हिरवट कीट चढलेला. वॉशिंगवाल्याच्या प्रेशर पंपाची कृपा. कीट खरवडला, स्प्रे मारला, कपलर पुन्हा बसवला आणि दिवा गेला. प्लग, फिल्टर आणि बॅटरीसाठी मोजलेले पैसे अर्थातच परत आले नाहीत.

सगळ्या गाड्यांत असा आकडा दिसत नाही, काहींना स्कॅनर लावावाच लागतो, कबूल. पण रंगाची भाषा तर सगळीकडे एकच आहे ना? हिरवा-निळा म्हणजे नुसती माहिती, पिवळा म्हणजे लवकर बघा, लाल म्हणजे आत्ता थांबा. यात अवघड काय आहे? ज्या गाड्यांवर तेलाचा लाल दिवा असतो तिथला घोळ तर जीवघेणा. बहुतेकांना वाटतं, दिवा लागला म्हणजे तेल जरा कमी झालंय, रविवारी टाकू. तो दिवा बहुधा प्रेशरच्या स्विचवर चालतो. चालत्या इंजिनात तो पेटला याचा अर्थ बेअरिंगपर्यंत तेल पोचतच नाहीये. पुढच्या पंपापर्यंतसुद्धा जायचं नाही, तिथल्या तिथे इंजिन बंद करायचं. आणि आपल्या नेहमीच्या शंभर-सव्वाशेच्या गाड्यांना मुळात हा दिवाच नाही! तिथे डिपस्टिक हाच दिवा. ती पुसायची, न फिरवता नुसती टेकवायची आणि बघायची. पाच मिनिटांचं काम. तेवढ्या वेळात आपण गाडीच्या नंबराची बेरीज शुभ येते का हे तीनदा तपासून घेतो.

एबीएसच्या दिव्याचं उलटं. तो चावी फिरवल्यावर लागतो आणि गाडी थोडा वेग घेईपर्यंत लागलेलाच राहतो, हे बरोबर आहे. त्यावरून शोरूममध्ये भांडणारे महाभाग मी पाहिलेत. मेन स्टँडवर चेन साफ करताना मागचं चाक इंजिनवर गरागरा फिरवलं तरी तो पेटू शकतो, कारण पुढचं चाक उभं आणि मागचं पळतंय हे गणित त्याला पटत नाही. चावी बंद करून पुन्हा सुरू करा, जरा चालवा, बहुतेक वेळा जातो. वेगात गेल्यावरही जात नसेल तर चाकाजवळच्या सेन्सरवर कोकणातला लाल चिखल थापलाय का ते आधी बघा. तोवर साधे ब्रेक लागतात, पण चाक लॉक होण्यापासून वाचवणारं कुणी नाही, हे ओल्या घाटात उतरताना आठवलं पाहिजे.

पेटलेल्या दिव्यापेक्षा मला न पेटणाऱ्याची जास्त धास्ती आहे. चावी फिरवली, इंजिन अजून सुरू केलेलं नाही, अशा वेळी पिवळा दिवा लागलाच पाहिजे. तो शाबूत आहे हे दाखवण्याची तीच एक वेळ. मग इंजिन चालू झाल्यावर तो विझला पाहिजे. जुन्या गाड्यांच्या बाजारात ही साधी परीक्षा कुणी घेत नाही, हे विकणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून कुठे बल्ब काढलेला, कुठे वायर कापलेली. गिऱ्हाईक टाकी चकचकीत आहे का बघतं, टायरला लाथ मारतं आणि पैसे मोजतं.

एवढं सगळं बोलून कंपन्यांना मोकळं सोडलं तर ते पाप ठरेल. सीटखाली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं ओनर्स मॅन्युअल उघडा. हेल्मेट घाला, साडी सांभाळा, जाहिरातीतले स्टंट करू नका, याला पानंच्या पानं. पिवळ्या दिव्यापाशी आलं की एकच वाक्य: अधिकृत सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा. आणि पंधरा वर्षं जुनी गाडी घेऊन तिथे गेलं की काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "सर, या मॉडेलचं आता काही येत नाही, एक्स्चेंजमध्ये देऊन टाका." आकड्यांचा तक्ता त्यांच्या वर्कशॉपच्या पुस्तकात असतो, आणि तो एका पानात मावतो. ते पान मराठीत, मालकाच्या पुस्तकात छापायला काय खर्च येतो? वॉरंटी संपली त्या दिवशी तरी ते पान आमच्या हातात ठेवा. तुमचं गिऱ्हाईक आम्ही तेव्हाही नसतो आणि गाडी मात्र आमच्याच गळ्यात असते.