विश्लेषण : डब्यात ‘नट्स’ नकोत, मग दाण्याच्या कुटाचं काय?

शिवाजी पार्क परिसरातल्या एका शाळेत माझी मुलगी छोट्या शिशुवर्गात आहे. जूनमध्ये पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूचना आली : वर्गातल्या एका मुलाला तीव्र अ‍ॅलर्जी असल्यामुळे डब्यात ‘नट्स’ देऊ नयेत. सूचना दोन ओळींची, चर्चा आठवडाभर. एका आजींनी लगेच नातवाचे काजू-बदाम बंद केले आणि संकष्टीला त्याच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी दिली, भरपूर कूट घालून. आपण सूचना मोडतोय असं त्यांच्या मनातही आलं नाही. मराठी घरात शेंगदाणा ‘नट’ नसतोच, तो दाणा असतो. (दादरकराला नट म्हटलं की आधी शिवाजी मंदिर आठवतं.) वनस्पतिशास्त्रही आजींच्याच बाजूचं. शेंगदाणा हा हरभरा-वाटाण्याच्या कुळातला आहे, बदाम-अक्रोडाच्या नव्हे. पण त्या मुलाला धोका होता तो नेमका शेंगदाण्याचाच. बाईंचं वेळेवर लक्ष गेलं म्हणून निभावलं.

धोका किती खरा?

पूर्ण खरा. तीव्र अ‍ॅलर्जीत काही मिनिटांत ओठ सुजतात, अंगावर पित्त उठतं, उलट्या होतात, श्वास घुसमटतो, रक्तदाब कोसळू शकतो. याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर जीव जाऊ शकतो. ‘थोडं थोडं दिलं की सवय होते’ हा ग्रुपवर हमखास येणारा सल्ला डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय कोणी अमलात आणू नये.

मात्र आपल्याकडे हे प्रमाण कमी आहे. बंगळूरु-म्हैसूर भागातल्या शाळकरी मुलांच्या पाहणीत (निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले) अन्नाची अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता ०.१४ टक्के मुलांत दिसली, म्हणजे साधारण सातशेत एक. हाँगकाँगमध्ये तेच प्रमाण १.५ टक्के होतं. यात सगळे पदार्थ आले, एकटा शेंगदाणा नव्हे. मुंबईत आकडा थोडा वेगळा असेलही, पण मोठ्या शाळेत अशी दोन-तीन मुलं असू शकतात. त्यांच्यासाठी काय करायचं, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

बंदीची किंमत कोण मोजतं?

काजू-बदाम बंद झाल्याने कोणाचं फार बिघडत नाही. ज्यांच्या डब्यात ते असतात त्यांच्याकडे पनीर, अंडं, चीज असे पर्याय असतात. शेंगदाण्याचं तसं नाही. शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात. तीस ग्रॅमच्या मुठीत सात ग्रॅम धरा, म्हणजे एका अंड्याहून थोडी जास्तच. पहिली ते पाचवीच्या मुलाला शालेय पोषण आहारातून दिवसाला १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा सरकारी निकष आहे, त्याच्या निम्म्याहून अधिक या एका मुठीत येतात. बदामाच्या किलोभर पैशात दाणे चार-पाच किलो येतात.

आपल्या डब्यात दाणा कुठे नसतो? पोह्यांत, काकडीच्या कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, चिक्कीत, गुळाच्या लाडवात. पोळीला लावलेली दाण्याची चटणी हा सकाळची लोकल पकडणाऱ्या आईचा हुकमी डबा आहे. अंडं न खाणाऱ्या आणि पनीर न परवडणाऱ्या घरातल्या मुलाला सरसकट बंदीने नेमकं काय द्यायचं? फुटाणे-गूळ म्हणता येईल, पण रोज?

भीतीचा आणखी एक तोटा आहे. अशा सूचना वाचून घरातल्या तान्ह्या भावंडालाही दाणे द्यायला पालक कचरतात. लंडनमध्ये ६४० बाळांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली, म्हणजे जास्त धोक्यातली ही बाळं. ज्यांना पहिल्या वर्षापासून शेंगदाणा दिला त्यांच्यापैकी पाचव्या वर्षी ३.२ टक्के मुलांना त्याची अ‍ॅलर्जी होती, ज्यांना टाळायला सांगितलं त्यांच्यात १७.२ टक्के. वरणभातात कालवलेलं बारीक कूट आपल्याकडे कोणत्याही अभ्यासाशिवाय पोटात जातच होतं. (अख्खा दाणा मात्र लहान मुलाला नको, घशात अडकतो. आणि बाळाला तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.)

बंदीनं मूल सुरक्षित होतं का?

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या शाळांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. शेंगदाण्यावर बंदी असलेल्या आणि नसलेल्या शाळांत अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन देण्याची वेळ येण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. जेवायला वेगळं, शेंगदाणामुक्त टेबल ठेवलेल्या शाळांत मात्र ते कमी होतं. २०२१ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानेही सरसकट बंदीऐवजी कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, प्रत्येक मुलासाठी लेखी आराखडा आणि शाळेत अ‍ॅड्रेनालिनचा साठा यांची शिफारस केली.

आपल्याकडे तर कूट डोळ्यांना दिसतही नाही. पाकीटबंद खाऊवर शेंगदाणा आणि सुक्या मेव्याचा उल्लेख करणं कायद्याने बंधनकारक आहे, पण घरच्या डब्याला लेबल कुठलं? फाटकाबाहेरच्या वडापावच्या सुक्या चटणीला कुठलं? पार्काच्या कट्ट्यावर खारे दाणे मिळतात, त्या मुलाला तिथूनही चालत जायचं असतं.

बालवर्गाची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे मुलं एकमेकांच्या डब्यात हात घालतात. तेवढ्या दोन-तीन वर्षांसाठी, त्या मुलाच्या वर्गापुरती बंदी मला मान्य आहे. पण सूचनेत ‘नट्स’ नको. शेंगदाणे, कूट, चटणी, चिक्की, लाडू असं आजी-आजोबांना कळेल असं स्वच्छ मराठीत लिहा.

मग शाळेनं काय करावं?

डबा खाल्ल्यावर सगळ्यांनी साबणाने हात धुवावेत. सॅनिटायझरने शेंगदाण्याचं प्रथिन निघत नाही. डब्यांची अदलाबदल नको, हे सांगणं जिवावर येतं, कारण वाटून खा असं आपणच शिकवलेलं असतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं इंजेक्शन. त्रास सुरू झाला की मुलाला आडवं करून मांडीच्या बाहेरच्या बाजूला अ‍ॅड्रेनालिन द्यावं लागतं. अ‍ॅलर्जीच्या साध्या गोळीवर थांबून चालत नाही. परदेशात मिळतं तसं पेनसारखं तयार इंजेक्शन इथल्या औषधांच्या दुकानात सहज मिळत नाही. म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेली कुपी, सिरिंज, वजनानुसार ठरवलेली मात्रा आणि ती टोचायला शिकलेली दोन माणसं शाळेत हवीत. हिंदुजा रुग्णालय जवळ आहे हे खरं, पण शाळा सुटायच्या वेळी सावरकर मार्गावर गाडी कशी सरकते हे इथल्या कोणालाही विचारा.

इथेच शाळा मागे सरतात. ‘काही झालं तर जबाबदार कोण?’ हा प्रश्न शिक्षकांच्या बाजूने रास्त आहे. डॉक्टरांचं लेखी पत्र, पालकांची संमती आणि प्रशिक्षण हे त्याचं उत्तर आहे. बंदीच्या सूचनेला यातलं काहीच लागत नाही, पैसेही नाहीत. म्हणून ती आधी निघते.

त्या मुलाच्या आईशी नंतर फाटकाजवळ बोलणं झालं. बंदी तिने मागितलीच नव्हती. तिच्या अर्जात दोनच गोष्टी होत्या : जेवणानंतर मुलांचे हात धुवून घ्या आणि बाईंना इंजेक्शन द्यायला शिकू द्या. हात धुणं सुरू झालं आहे. इंजेक्शनबद्दल शाळेचं उत्तर अजून आलेलं नाही, कुपी रोज तिच्याच पर्समध्ये असते आणि शाळा सुटेपर्यंत ती पार्काच्या कट्ट्यावर बसून राहते.